दिवाळीनंतरची ड्यूटी

भाऊबीज झाली, बहिणी आपापल्या गावाला लागल्या, की वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत माणसं हळू आवाजात बोलायला लागायची. डबे पलंगाखाली जायचे. आमच्या हिनं तर एका वर्षी अनारशांचा डबा वॉशिंग मशीनमध्ये ठेवला होता आणि वरून ओले टॉवेल टाकले होते. आणि मी, चांगला पन्नाशीला टेकलेला, सरकारी ऑफिसात सही ठोकणारा गृहस्थ, पडद्याला बोटभर फट करून कोपऱ्यावरच्या घराकडे बघत बसायचो. तिथलं फाटक करकरलं की संपलं.

त्या फाटकातून सिस्टर निघायच्या.

नाव इंदिराबाई. पण त्या नावानं त्यांना फक्त लाइट बिल यायचं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी दवाखान्यात नर्स म्हणून काढली. निवृत्त झाल्या त्या दिवशी हार, नारळ, साडी घेऊन घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली वॉर्डात दाखल करून घेतली. कोणाला विचारलं नाही. विचारायची पद्धत त्यांच्यात नव्हतीच.

बुटक्या, सुक्या, तुराटीसारख्या. पदर खोचलेला, आणि खांद्यावर पदराच्या पिनेला उलटं टांगलेलं घड्याळ. बोलता बोलता त्या समोरच्याचं मनगट धरायच्या. आपल्याला वाटावं, बाई मायेनं हात धरतेय. मान मात्र तिरपी, नजर घड्याळावर.

"बोला, बोला भाऊ, मी ऐकून राह्यली."

एका दिवाळीनंतर त्यांनी मला असंच धरून विचारलं, "करंज्या किती झाल्या?"

"दोनच सिस्टर."

"एकशे चार."

"करंज्या?" मी घाबरलो.

"ठोके. करंज्या तितल्या नसतीन, पण दोन नाई."

तर पहिला अंक फराळाच्या जप्तीचा. सिस्टर एक भली मोठी कापडी पिशवी घेऊन घरोघर जायच्या आणि उरलेला फराळ गोळा करायच्या. चकली, शेव, चिवडा, लाडू, सगळं. "माणूस दिवाळीत भिजल्या साबुदाण्यावानी फुगते," त्या म्हणायच्या. "आता अजून पाणी नोका घालू." आमच्या हिचं वॉशिंग मशीन त्यांनी कसं ओळखलं, हे मला आजही कळलेलं नाही. आल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "वयनी, ओले टॉवेल वाळत नाई घातले? वास येईन न."

मदनसेठचा किस्सा तर गल्लीत पाठ होता. मदनसेठ म्हणजे आमच्या शेजारचे कापडाचे व्यापारी. बाजारात दुकान, घराण्याची तिसरी पिढी वर्ध्यात, आणि देह असा की दुकानातल्या गादीवर ते बसले की गिऱ्हाईक आपोआप चार इंच वर यायचं. त्यांनी हुशारी केली. सोनपापडी, घेवर आणि बेसनाचे लाडू घरी ठेवलेच नाहीत. दुकानात, साड्यांच्या खोक्यात, वरच्या फळीवर.

सिस्टर दुकानात गेल्या. साडी दाखवा म्हणाल्या. दहा साड्या बघितल्या, मग बोट वर केलं. "तो बक्सा उतरवा."

"वो तो पुराना माल है सिस्टर. तुमच्या कामाचा नाई."

"जुन्या मालाले ताज्या तुपाचा वास येऊन राह्यला, सेठ."

खोका उतरला. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, लाडू पिशवीत गेले. मदनसेठ एवढंच म्हणाले, "एक तो छोड दो."

जप्ती झाली की चिठ्ठी. सिस्टर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर औषधासारखं लिहून द्यायच्या: रविवार. दोन तास वेचणी. जेवणाआधी.

वेचणी म्हणजे कापसाची. पवनारच्या अलीकडं, धाम नदीच्या अंगाला त्यांची चार एकर होती. ना सासरची, ना माहेरची. पगारातून, पै-पै जोडून स्वतः घेतलेली. "हे शेत माह्या नाइट ड्यूटीचं हाये," असं त्या सांगायच्या, आणि ते सांगताना मनगट सोडायच्या. तेवढं एकच वाक्य असं होतं.

दिवाळीनंतर बोंडं फुटून शेत पांढरं होतं, हे वर्ध्यात शेंबड्या पोरालाही माहीत. पण त्या पांढऱ्या शेताचा आणि आपल्या पोटाचा संबंध जोडणारी ही एकच बाई. "जिममदी फी देऊन लोखंड उचलता. त्या लोखंडाले तरी काई फरक पडते का?" हा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. मी तीन दिवस उत्तर शोधलं. चौथ्या दिवशी वेचणीसाठी जुना पायजमा काढून ठेवला.

मग मदनसेठच्या माल आणायच्या छोट्या टेम्पोत आम्ही आठ-नऊ जण, सगळे टाळूपासून टाचेपर्यंत सुजलेले, उभ्यानं पवनारच्या रस्त्याला लागायचो. टेम्पो चढावर कण्हायचा. समोरून येणारे लोक आमच्याकडे असे बघत की जणू कोणाच्या तरी लग्नाचे आचारी चाललेत.

पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सीतादही असते. बांधाजवळ सात दगड मांडायचे, कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि मगच बोंडाला हात. सिस्टर तेही वॉर्डातल्या राउंडसारखं करायच्या. दगडापाशी दोन मिनिटं, पुढच्या दगडापाशी दोन मिनिटं. मग सूचना. दव सुकल्याशिवाय वेचायचं नाही. बोंडाची टोकं टोचतात, बोटं आतून घालायची. आणि पाला, काडी, कचरा एक तुकडा कापसाबरोबर येता कामा नये.

"सिस्टर, एवढ्याशा पाल्यानं काय होतं?" मी एकदा म्हणालो.

त्यांनी माझ्या कमरेच्या ओटीतला कापूस उपसला, त्यातलं वाळकं पान चिमटीत धरून माझ्या नाकासमोर नाचवलं. "भाऊ, हा कापूस कोणाच्या तरी जखमेवर जाते. म्या तीस वर्षं लावला. तुमच्या जखमेवर पाला लावून देऊ का?"

त्यानंतर माझ्या ओटीत पान आलं नाही. कापूसही फारसा आला नाही, ती गोष्ट वेगळी.

अर्ध्या तासात माणसं गळायची. कंबर धरून कोणी उभं राहिलं की सिस्टर चार ओळी ओलांडून यायच्याच. दुसऱ्याच्या ओळीतलं राहिलेलं बोंड जाता जाता वेचायच्या, एकाला ओरडायच्या, दुसरीची नाडी बघायच्या, आभाळाकडं बघायच्या, पुन्हा ओळीला. त्यांच्या शेजारी वेचताना आपल्याही अंगात मुंग्या यायच्या, वाटायचं कुठेतरी काहीतरी राहून जातंय.

दहाला सुट्टी. त्या स्टीलचा डबा उघडायच्या, आणि त्यातून काय निघावं? आमचेच अनारसे. मदनसेठचेच लाडू.

पहिल्या वर्षी मदनसेठनी आपला लाडू ओळखला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सिस्टर, ये तो मेरा है! घरी काऊन नाई खाऊ दिला?"

"घरी गादीवर बसून खाल्ला तं चरबी. इथं खाल्ला तं ताकद."

आणि दुपारी बांधावरच्या बाभळीखाली गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, वरून तूप. दोन तासांच्या वेचणीवर माणशी चार रोडगे. सोमवारी सकाळी त्यांच्या ओसरीतल्या वजनकाट्यावर मदनसेठ चढले, तर दीड किलो वाढ. सिस्टरनी आकडा बघितला, न बघितल्यासारखं केलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पण मार्गशीर्ष लागेपर्यंत, देवाशप्पथ, माझा पट्टा दोन भोकं आत आला होता.

असे दोन हंगाम मजेत गेले. तिसऱ्या दिवाळीला त्यांचा मुलगा आला.

नितीन पुण्याला कंपनीत. एकुलता एक, आईवर जीव, आणि आईसमोर बोलायची चोरी. जायच्या दिवशी कंपाउंडच्या भिंतीशी उभा राहून मला म्हणाला, "काका, पावसाळ्यात आई बांधावर घसरून पडली होती. तुम्हाला सांगितलं तिनं?"

सांगितलं नव्हतं.

"तासभर पडून होती. तिकडून म्हशीवाला गेला म्हणून." त्यानं बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मी म्हटलं, शेत मक्त्यानं दुसऱ्याला कसायला दे आणि माझ्याकडे चल. भांडण झालं. शेवटी तिनंच पैज घातली. मी पौर्णिमेनंतरच्या रविवारी परत येतोय. तोपर्यंत पहिला वेचा, म्हणजे आत्ता फुटलेला सगळा कापूस, घरात आला, तर एक वर्ष मी तोंड उघडायचं नाही. नाही आला, तर मक्त्याच्या कागदावर सही, आणि रविवारच्याच गाडीनं पुणे."

मी हिशेब केला. पंधरवडा. चार एकर. वेचायला बाया मिळायची मारामार, पवनारपासून सेलूपर्यंत प्रत्येकाच्या शेतात एकाच वेळी बोंडं फुटलेली. मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, की सिस्टरकडे वेचायला कोण आहे. आम्ही.

त्या रविवारी शेतात मी जरा जोरात वेचत होतो. बाकीच्यांना पत्ता नव्हता, त्यांचं नेहमीचं चाललं होतं. तेवढ्यात पलीकडच्या शेतातली रुख्मा बांधावर आली. पवनारची, वेचणीत नाव असलेली बाई, डोक्यावर कापसाचं गाठोडं. आमच्याकडं बघितलं, मदनसेठच्या पांढऱ्या बुटांकडं बघितलं आणि तिथूनच हाक दिली.

"सिस्टर, या मोठ्या लोकायले किलोमागं काय देता वं?"

सगळे थांबले. आणि मला दिसलं की एकेकाच्या डोक्यात तोच उजेड पडतोय.

मदनसेठ सरळ झाले. तोंड लाल. "सिस्टर, हे काय लगा रखा है? आम्हाले मजूर समजून राह्यल्या का? तीन साल से?"

दुसरी कोणी असती तर हात जोडले असते. सिस्टर ओळीतून बाहेरही आल्या नाहीत.

"मजूर कसे सेठ? रुख्मा दिवसाले तीस किलो वेचते. तुमी अन् हे भाऊ, दोघं मिळून पाच. मजूर म्हणून घ्यायची लायकी हाये का तुमची?"

रुख्मा पदर तोंडात कोंबून हसली. ते हसणं फार महागात पडलं. मदनसेठनी कमरेची ओटी सोडली, कापसासकट बांधावर ठेवली, आणि टेम्पोकडं चालू लागले. त्यांच्यामागे सगळे. आमची ही सुद्धा, मला कोपर मारत. रोडगे न खाता गल्ली घरी गेली, यावरून प्रकरणाची कल्पना करा.

सोमवारपासून सिस्टर एकट्या पहिल्या बसनं जायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. डोक्यावर गाठोडं. आमच्या दारावरून जाताना मान वळवायच्या नाहीत. गल्लीत कोणाचं मनगट धरलं गेलं नाही. आम्ही मोकळे होतो, हवं ते खात होतो, आणि कोणालाच खाल्लेलं गोड लागत नव्हतं. बुधवारी आभाळ भरून आलं. कापूस झाडावर भिजला की पिवळा पडतो, डाग धरतो. मी ऑफिसच्या खिडकीतून दिवसातून वीसदा वर बघायचो. साहेबांनी विचारलं, "काय हो, पतंग आहे का?"

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. पुढच्या खोलीत कापसाची गंजी लावलेली होती, माझ्या कमरेइतकी. चार एकराला ती किती कमी होती हे मलाही कळत होतं. सिस्टर खोलीभर येरझाऱ्या घालत होत्या. बोटांना टोचून टोचून पट्ट्या लावलेल्या.

"सिस्टर, मी सगळ्यांना सांगतो. नितीनचं, पैजेचं."

"खबरदार." त्या थबकल्या. "दयेनं आलेलं माणूस पाल्यासकट वेचते भाऊ. मले नाई पायजे."

"मग आम्हाला तीन वर्षं नेलं ते कशासाठी? पोटासाठी की कापसासाठी?"

मला वाटलं चिडतील. त्या गंजीपाशी गेल्या, त्यातली एक काडी उचलून फेकली. "पहिल्या वर्षी खरंच पोटासाठी. तुमचं बीपी पाहून मले झोप नाई यायची. दुसऱ्या वर्षी बाया मिळाल्या नाई, मंग कापसासाठीबी. दोनी खरं हाये. तुमाले एकच खरं पायजे का?"

घरी आलो. सांगू की नको, सांगू की नको करत गुरुवार गेला, शुक्रवार गेला. हिला सुद्धा बोललो नाही, आणि लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला ते काय जड जातं हे ज्याचं त्याला माहीत.

शनिवारी सकाळी ठरवलं, बस्स. आधी मदनसेठना सांगायचं, मग एकेकाला. दार उघडलं, तर समोर टेम्पो उभा. मदनसेठ कमरेला नवी ओटी बांधून हॉर्नवर हात दाबून बसलेले. पांढरे बूट घरी, पायात जुन्या चपला.

"चला भाऊ. आठ दिवस से नींद नाई." त्यांचा आवाज फाटला होता. "पाच किलो म्हणाली. तेही दोघं मिळून! म्या रात्री हिशेब केला, ती बाई बरोबर हाये. याच्यावानी बेइज्जती माझ्या बापानं नाई केली. आज एकटा दहा करतो आणि तिच्या तोंडावर तोलतो."

हॉर्न ऐकून दारं उघडली. एकेक जण बाहेर आला. कोणी म्हणालं, नाहीतरी पोट फुगलंय. कोणी म्हणालं, तेवढंच ऊन मिळेल. खरं कारण कोणीच बोललं नाही. मीही माझ्याजवळचं खरं कारण तसंच गिळलं आणि टेम्पोत चढलो.

सिस्टर शेतात होत्या. टेम्पो बघितला. हातातलं बोंड पूर्ण वेचलं, मग म्हणाल्या, "उशीर झाला. दव केव्हाचं सुकलं." बस्स, इतकंच.

ते दोन दिवस मी कसं वेचलं ते माझी कंबर जाणे. आभाळ खाली खाली येत होतं. कोणी सुट्टी घेत नव्हतं, आणि गंमत म्हणजे कोणी खातही नव्हतं. शनिवारी संध्याकाळी बांधावर तराजू लागला. मदनसेठचं गाठोडं चढलं. अकरा किलो. त्यांनी सिस्टरकडं असं बघितलं, जणू दुकानाचं उद्घाटनच झालंय.

"पाला?" सिस्टर म्हणाल्या.

"हात घालून पाहा."

त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, चाचपला, बाहेर काढला. स्वच्छ. "उद्या बारा," म्हणाल्या, आणि वळल्या. पण वळताना मदनसेठचं मनगट धरलं होतं, आणि घड्याळाकडं बघायचं विसरल्या होत्या. मी पाहिलं.

रविवारी दुपारी नितीन थेट शेतात आला. बॅग खांद्यावर, कागद बहुतेक बॅगेत. नऊ वाकलेली माणसं, आणि एक ओळ सोडून सगळं शेत हिरवं-तपकिरी. तो बघतच राहिला. सिस्टरनी त्याच्या कमरेला ओटी बांधली आणि उरलेल्या ओळीत उभं केलं. वीस झाडांत पोराला दम लागला. पुण्याची खुर्ची!

"एक वर्ष," तो कंबर धरून म्हणाला.

"दोन."

"आई, एकच. ठरलं होतं."

"बरं. आणि हे पोट कायचं हाये?" मनगट हातात आलेलंच होतं.

पाऊस आलाच नाही, हे सांगायला हवं. ढग आले तसे सोमवारी निघून गेले. मदनसेठ आठवडाभर आभाळाला शिव्या देत होते.

त्यानंतर पैज दर वर्षी व्हायची. दर दिवाळीला एका वर्षाची मुदत. पुढे माझी नागपूरला बदली झाली. मदनसेठ मुलाकडं रायपूरला गेले, टेम्पोही विकला. गल्लीत नवी माणसं आली, सकाळी कानात बोळे घालून चालणारी, कोणाला ओळख न देणारी. फोनवर सिस्टरना तब्येत विचारली की त्या माझंच वजन विचारायच्या. खरं सांगायला मला जड जायचं, म्हणून फोनही कमी झाले.

परवाच्या कार्तिकात एका लग्नाला वर्ध्याला निघालो. दिवाळी अंगावर पुरी चढलेली. सेलू गेलं तशी मला बसमध्ये चुळबुळ सुरू झाली. शेजारच्या बाईंनी दोनदा बघितलं. पवनार गेलं आणि डाव्या बाजूला ते शेत आलं. पांढरंफटक. रस्त्याकडचा अख्खा तुकडा तसाच, बोंडं लोंबलेली, आणि वर ढग. माणूस दिसेना. मी खिडकीत अर्धा उठलो.

मग शेताच्या पार टोकाला, जिथं हिरवं-तपकिरी सुरू होत होतं, तिथं रंग हलले. टोप्या, ओढण्या. एकाच्या कानात ते बोळेही असावेत, कारण त्यानं कमरेला हात लावला तेव्हा पांढरी वायर लोंबली. तो सरळ झाला न झाला, तोच ओळी ओलांडत एक बुटकी, सुकी आकृती त्याच्याकडं निघाली. जरा लंगडत होती. पण काय वेग! तो माणूस ती पोचायच्या आधीच खाली वाकला.

"उतरता का काका?" कंडक्टरनं विचारलं. "इथं स्टॉप नाई हाये."

"नाही, नाही," मी म्हणालो. मी डोकी मोजत होतो. बस वळेपर्यंत सहा मोजली. आणि ती सातवी.

एकरभर राहिलं होतं. सहा पुरतात.